नातीशी अदबीनं

जालन्यात फ्रेंच शिकवणं म्हणजे मार्कांचं दुकान चालवणं. अकरावी-बारावीची पोरं मराठीपेक्षा जास्त गुण पडतात म्हणून फ्रेंच घेतात आणि परीक्षा संपली की 'बोंझूर'सुद्धा विसरतात. साहेबराव काका क्लासला आले तेव्हा मला आनंद झाला. नंतर नंतर रागच यायला लागला, कारण इतका मन लावून शिकणारा माणूस नेमकं नको तेच शिकत होता.

काका मूळचे वाटूरचे. एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले आणि मोठे बाबू होऊन निवृत्त झाले. त्यांचा एकुलता एक मुलगा सुमित फ्रान्समध्ये इंजिनिअर होता. तिथल्याच क्लेअरशी त्यानं लग्न केलं, लीना झाली, आणि मागच्या वर्षी तो अपघातात गेला. तो होता तोवर फोनवर इकडचं तिकडे तोच सांगायचा. क्लेअरला इंग्रजी जेमतेम, काकांना त्याहून जेमतेम. आता रविवारी व्हिडिओ कॉल लागायचा, दोन्हीकडून हात हलायचे आणि फोन बंद व्हायचा.

"लीनाबाईंना माझ्याशी बोलावंसं वाटलं पाह्यजे, मॅडम," काका पहिल्याच दिवशी म्हणाले. "सुमितरावांचं तेवढंच राह्यलंय आता."

लीनाबाई सहा वर्षांच्या. सुमितलाही तो रांगत होता तेव्हापासून ते सुमितराव म्हणत आले, 'जेवलात का' असंच विचारत आले. कारण मी न विचारता त्यांनी सांगितलं. त्यांच्या वडिलांना गावातली शेंबडी पोरंही 'ए वसंत्या' म्हणून हाक मारायची. लोकांना निदान नाव घेताना तरी साहेब म्हणावं लागेल, म्हणून वडिलांनी मुलाचं नाव साहेबराव ठेवलं. लोकांनी त्याचं सायब्या केलं. "मंग म्या ठरवलं, आपल्या घरात पाळण्यातल्या लेकराला बी अहो-जाहो."

अशा माणसाच्या हाती माझ्या कपाटातलं कचेरीच्या पत्रव्यवहाराचं फ्रेंच पुस्तक लागलं. 'जे लोनर द', म्हणजे अमुक करण्याचा मला सन्मान लाभत आहे. 'ज वू सोरे ग्रे द', म्हणजे आपण अमुक कराल तर मी आपला ऋणी राहीन. काका हरखून गेले. इतकी अदब असलेली भाषा जगात आहे आणि आपली नात ती बोलते, याचं त्यांना कोण कौतुक. मी डोक्याला हात लावला.

"काका, हे अर्जात लिहायचं असतं. घरात असं कोणी बोलत नाही. तिकडे लाडानं लेकराला काय म्हणतात माहितेय? माझी पिसू."

त्यांचा चेहरा उतरला. "माझ्या बापाला लोकांनी किडामुंगी समजलं," ते सावकाश म्हणाले. "अन् म्या नातीला पिसू म्हणू? न्हाई जमायचं, मॅडम."

मी पुष्कळ सांगितलं. चिडले, हातवारे केले, लहान मुलांच्या गोष्टी वाचून दाखवल्या. ते सगळं ऐकून घेत आणि पुन्हा आपल्या पुस्तकाकडे वळत. उच्चार मात्र घोटून घोटून असे केले, की ऐकताना मला माझीच लाज वाटावी.

एका रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं. मी शेजारी बसायचं, पण मधे बोलायचं नाही, असं ठरलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, भिंतीवरच्या सुमितच्या फोटोखाली ते ताठ बसले. फोन लागला. केस विस्कटलेली, हातात पावाचा तुकडा घेतलेली लीना दिसली. सुमितचेच डोळे.

"लीनाबाई," काका अस्खलित फ्रेंचमध्ये म्हणाले, "आपल्याशी बोलण्याचा मला सन्मान लाभत आहे. आपली प्रकृती कशी आहे हे कळवण्याची कृपा कराल, तर मी आपला ऋणी राहीन."

एक चूक नव्हती. लीनानं पाव खाली ठेवला आणि मान वळवून आईला विचारलं, "आजोबा पप्पांच्या अपघातानंतर आलेल्या ऑफिसवाल्या काकांसारखे का बोलतायत?" आणि ती उठून आत पळाली.

मला वाटलं, ठरलेलं गेलं खड्ड्यात, आता फोन ओढून घ्यावा. पण काका हसत होते. लीना भरभर बोलली होती, त्यांना ते समजलं नसावं. तेवढ्यात क्लेअर समोर आली. बिचारी थकलेली दिसत होती. तिला एरवी साधंच बोलता आलं असतं, पण सासरेच इतक्या अदबीनं बोलले म्हटल्यावर तिनंही तोच सूर लावला. प्रत्येक कॉलनंतर मुलीला रात्रभर झोप येत नाही, तेव्हा काही काळ थांबलेलं बरं, असं ती म्हणाली. आणि शेवटी, "योग्य वेळी आपल्याशी संपर्क साधण्यास मी चुकणार नाही, आपण समजून घ्याल याची मला खात्री आहे." पडदा काळा झाला.

काकांनी फोन खाली ठेवला.

"शेवटचं काय म्हणाल्या सूनबाई?"

"योग्य वेळी नक्की फोन करीन म्हणाली, काका. अगदी आदरानं म्हणाली."

"आदरानंच म्हणाल्या. बराबर." त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. "'आपल्या अर्जाचा यथावकाश सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात येईल.' आख्खी नोकरी मीच लिहीत आल्तो हे, मॅडम. ज्याच्यावर असं लिहिलं, तो एक बी अर्ज म्या परत उघडला न्हाई."