खरेपणाचा रकाना

कोंडीराम गुरुजी फसले ते एका शब्दापायी.

उत्कर्ष हा त्यांचा जुना विद्यार्थी. आता पुण्यात राहून इंटरनेटवर मराठी गोष्टींचं संकेतस्थळ चालवायचा. आषाढ सरता सरता त्याचा फोन आला. "सर, आमच्या कथास्पर्धेत एक प्रौढ विभाग आहे. हौशी माणसं लिहितात, नावं झाकलेली असतात. एक परीक्षक अर्ध्यात सोडून गेला. तुमच्याइतकं काटेकोर कोण तपासणार?"

प्रौढ म्हटल्याबरोबर गुरुजींच्या डोळ्यांपुढं परंड्यातल्या मारुतीच्या देवळाची ओवरी आली. साक्षरतेची मोहीम जोरात होती त्या काळात त्यांनी त्या ओवरीत तीन वर्षं दुपारचा प्रौढ वर्ग चालवला होता. खुरपं ओवरीच्या कडेला ठेवून बाया बसायच्या आणि पाटीवर 'कमळ' काढायच्या. त्यातल्या कुणी आता गोष्टी लिहायला लागल्या असतील तर देवाची कृपाच म्हणायची. त्यांनी मोठ्या आनंदानं होकार दिला. एवढ्यावर थांबले असते तरी बरं होतं. पण देवळात सप्ताह बसलेला, रोज दोन वेळा माणसं भेटणार. गुरुजींनी टाळकऱ्यांना सांगितलं, विणेकऱ्याला सांगितलं, प्रसादाच्या पंगतीत सांगितलं, "प्रौढांच्या कथा तपासायला आल्यात माझ्याकडं."

नऊ कथा फोनवर आल्या. चहाचा कप बाजूला ठेवून त्यांनी पहिली उघडली. दुसऱ्या परिच्छेदाला कपाळावर घाम आला, तिसऱ्याला त्यांनी फोन पालथा घातला.

"काय झालं?" प्रेमाबाईंनी विचारलं. त्या पुढ्यात परात घेऊन उसळीसाठी मठ निवडत होत्या.

"भलतंच आलंय काही तरी."

त्यांनी उत्कर्षला फोन लावला. पलीकडं तो पोरगा चाचरत म्हणाला, "सर, प्रौढ म्हणजे... अठराच्या वरच्यांसाठी. मला वाटलं तुम्हाला कळलं."

"अरे, माझ्या वर्गात सगळ्याच अठराच्या वरच्या होत्या."

प्रेमाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मठ परातीबाहेर सांडले.

"नको असेल तर राहू द्या सर. पण न वाचता गुण द्यायचे नसतात, हे तुम्हीच शिकवलेलं. बाकीचे तेच करतात. नाक दाबतात आणि आकडे टाकतात."

हे बोलणं गुरुजींना लागलं. छत्तीस वर्षांत त्यांनी एकही वही न वाचता तपासली नव्हती. "पाठवलंयस तर वाचतो," म्हणाले आणि चष्मा पुसून बसले.

तपासायला तीन रकाने होते, भाषा, बांधणी आणि खरेपणा. प्रत्येकाला दहा गुण, खाली शेरा. आधीच्या परीक्षकाचे आकडे शेजारी दिसत होते. गुरुजींनी देवाचं नाव घेतलं आणि वर्गात निबंध घेतल्यासारख्या कथा घेतल्या. तीन कथा झाल्यावर लाज कमी झाली, कंटाळा वाढला. त्यात माणसंच नव्हती. कसायाच्या दुकानात टांगल्यासारखे नुसते अवयव होते. पुरुष दमत नव्हता, बाई बोलत नव्हती, घरात कुणाला स्वयंपाक करायचा नव्हता. त्यांनी शेरे लिहिले. 'एका वाक्यात सात वेळा आणि.' 'नायिकेचं नाव मध्येच बदललं आहे.' 'ही कथा दुसरीकडून उचललेली दिसते, मराठी बाई असं बोलत नाही.'

"मग कशी बोलती?" मागनं वाचत प्रेमाबाई म्हणाल्या.

"तू निवड की तुझे मठ."

"निवडले. आता तुमचं चालू हाय निवडणं. खडं लई दिसत्यात."

सहाव्या कथेपर्यंत हे असंच चाललं. सातवी उघडली. तिचं नाव 'काना'. पहिल्याच ओळीवर गुरुजींची नजर अडकली. वाक्याच्या शेवटी टिंब नव्हतं, काठी होती. उभी, पोथीत असते तशी.

मराठीत आता अशी काठी कोण घालतं? पण गुरुजींच्या प्रौढ वर्गात घालायचे. सरकारी पुस्तकं वेळेवर आली नव्हती म्हणून त्यांनी देवळातली पोथीच वाचायला घेतली होती. "वाक्य संपलं की काठी उभी करायची," असं शिकवलं होतं. मागाहून पुस्तकं आली, त्यात टिंब होतं, पण बायांनी काठी सोडली नाही.

ते पुढं वाचत गेले. पंचविशीची, नांदती बाई अक्षर शिकायला येते. कडबा कापायच्या कुट्टी यंत्रात तिच्या उजव्या हाताचा अंगठा अर्धा गेलेला आहे. 'उठवायला अंगठाच न्हाय, म्हणून सही शिकते,' असं ती हसून सांगते. तिला खडू धरता येत नाही. मग गुरुजी तिचा हात हातात घेऊन पाटीवर काना काढतात. वरून खाली, सरळ.

'गुरुजींचा हात थरथरला । मला कळलं । त्यांनाबी कळलं । दुसऱ्या दिवशी ते वेळूची काडी घेऊन आले आन लांबूनच अक्षर दावू लागले ।'

पुढं ती घरी जाते. नवऱ्याच्या मिठीत डोळे मिटून घेते आणि त्याच्या उघड्या पाठीवर बोटानं काने काढत राहते. वरून खाली, सरळ. नवरा विचारतो, काय करतीस? ती म्हणते, अभ्यास. त्या रात्रीचं तिनं काहीच झाकलं नव्हतं, तरी गुरुजींना कुठं खाली बघावंसं वाटलं नाही. आधीच्या सहा कथांत जे पानंपानं भरूनही नव्हतं, ते ह्या बाईच्या एका बोटात होतं.

शेवटी दोन काठ्या.

गुरुजींनी शेजारचे आकडे बघितले. भाषा चार, बांधणी पाच, खरेपणा दोन. शेरा होता, 'नुसता हात धरल्यानं एवढं होत नाही. प्रसंग पटत नाही.'

अर्धा अंगठा गेलेली बाई वर्गात एकच होती. धुरपदाबाई. नवरा जाऊन वीस वर्षं झाली. बसस्थानकामागं तिची पिठाची गिरणी आहे, गुरुजींच्या घरची ज्वारी तिच्याकडंच दळली जाते. आणि वेळूची काडी गुरुजींनी नेली होती. का नेली होती, तेही त्यांना ठाऊक होतं. एवढी वर्षं ते स्वतःला सांगत आले होते की फळा लांब होता.

त्या दिवशी त्यांनी सातव्या कथेला गुण दिले नाहीत. आठवी, नववी तपासली, सातवी तशीच ठेवली. मन थाऱ्यावर नव्हतं. आदल्या दिवशी देवळात गौळण झाली होती. घरदार सोडून, उतू चाललेलं दूध तसंच टाकून गवळण मुरलीच्या मागं धावते, आणि आपण सगळे डोळे पुसत टाळ्या वाजवतो. पलीकडं देव उभा असतो म्हणून टाळ्या. देवाच्या जागी परंड्याचा एक मास्तर उभा असला तर काय वाजवायचं? असला विचार मनात आला म्हणून त्यांनी स्वतःच्या गालावर हलकेच मारून घेतलं.

संध्याकाळी सहाला कीर्तन होतं. मल्लेशबुवा उभे होते. आवाज असा की ओवरीतल्या पारव्यांनीही हलू नये. चाल लावून झाली, टाळकऱ्यांनी उचलली आणि बुवा दृष्टांतावर आले.

"सोनार कसोटीवर सोनं घासतो. झीज कुणाची होते? सोन्याची. बरोबर हाय. पण बाबांनो, ओरखडा कुणाच्या अंगावर राहतो? दगडाच्या. सोनं उठून घरी जातं. दगड बसलाय ओरखडा घेऊन."

गुरुजींचा टाळ चुकला. शेजारच्या शांतलिंगनं त्यांच्याकडं बघितलं. "गुरुजी, झोप लागली का काय?"

"न्हाय रे. हात आखडला."

प्रसाद वाटला तेव्हा धुरपदाबाई पायरीपाशी उभी होती. केसांतला पांढरेपणा पिठाचा की वयाचा, कळत नव्हतं. प्रेमाबाई चपला शोधायला पुढं गेल्या होत्या.

"गुरुजी, तुमी प्रौढांच्या कथा तपासताव म्हणं."

"कुणी सांगितलं?"

"तुमीच. समद्या पंगतीला सांगितलंव की."

 तिनं लाडूचा द्रोण ह्या हातातून त्या हातात घेतला.

"मी म्हणते, त्यात काठी उभी केली तर गुण कापत्यात का?"

एवढं ऐकल्यावर विचारायचं काही उरलं नाही. गुरुजी हळूच म्हणाले, "न्हाय कापत."

"फोनवर काठी सापडतच न्हवती. टिंब दाबून धरलं का मग निघती." ती थोडी हसली, मग हसू पुसून टाकलं. "तुमी तपासणार हे ठावं असतं तर धाडलीच नसती. आता धाडली ती धाडली. मला नंबर नको, गुरुजी. नाव तर मी दिलंच न्हाय. फकस्त ते खोटं हाय असं लिवू नका. तेवढं एकच होतं माझ्याजवळ. दुसरं कुणी खोटं म्हणलं तर म्हणू द्या. तुमी म्हणू नका."

आणि ती गेली. कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, दळणाचं बोलणं चाललंय.

रात्री गुरुजींना घास गेला नाही. पहाटे आंघोळ करून ते देवापुढं बसले, तिथंही मन लागेना. परीक्षकपण सोडावं, तर खरेपणाचे ते दोन गुण तसेच राहणार. खोटं पडणार ती. खरं म्हणावं, तर कशाच्या जोरावर म्हणणार? हात थरथरला होता हे माहीत असणारी ह्या जगात दोनच माणसं, आणि त्यातल्या एकीनं लिहून टाकलं. आता दुसऱ्याची पाळी होती. आणि घरात तिसरं माणूस होतं. पंचेचाळीस वर्षांचा संसार, कुठं बोट ठेवायला जागा नाही, असं ज्याला त्यांनी आजवर समजू दिलं होतं.

उजाडल्यावर त्यांनी फोन प्रेमाबाईंच्या पुढं ठेवला. "ही एक वाच."

"मला कशाला? त्यात काय काय असतं म्हणं."

"वाच गं."

त्यांनी चष्मा लावला. ओठ हलवत, बोट सरकवत वाचल्या. मध्ये गॅसवरचं दूध उतू गेलं तरी उठल्या नाहीत. गुरुजींनीच जाऊन गॅस बंद केला. परत आले तेव्हा फोन खाली ठेवलेला होता.

"माझ्या सुपाची काडी नेली होती तुमी," प्रेमाबाई म्हणाल्या. "नवं सूप. बुरडाकडनं आणून आठ दिस झालं न्हवतं. मी इचारलं तर म्हणालाव, फळा लांब हाय."

"व्हय."

"ओवरीत फळा भिंतीला होता. बाया त्याच्या पुढ्यातच बसायच्या."

गुरुजींनी मान खाली घातली. "त्याच्या पुढं काही झालं न्हाय, प्रेमा. देवाची आण."

"देवाला कशाला मधी घेताव. पुढं झालं न्हाय ते दिसतंय की. तिनं बी तसंच लिवलंय." त्यांनी पदरानं चष्मा पुसला, बराच वेळ पुसला. "मी तीस वर्षं त्या फाटक्या सुपात पाखडलं. कारण ठावं असतं तर निदान नवं तरी मागितलं असतं."

"मग मी काय लिहू?"

"तुमी मास्तर. मला काय इचारताव." त्या उठल्या. दार ओलांडताना पाठमोऱ्याच म्हणाल्या, "पोरीची गोष्ट चांगली हाय. ते खोटं म्हणू नका."

धुरपदाबाईही तेच म्हणाली होती, गुरुजींच्या मनात आलं. पण हे सांगण्याची ती वेळ नव्हती.

त्यांनी रकाने उघडले. भाषेला आकडा टाकला, पुसला. बांधणीला टाकला, पुसला. मग उत्कर्षला लिहायला घेतलं. एकेक अक्षर शोधत, अर्धा तास.

'चि. उत्कर्ष, क्रमांक सातच्या लेखिकेला मी ओळखलं आहे. त्यामुळं भाषा आणि बांधणी ह्यांचे गुण मी देऊ शकत नाही, ते दुसऱ्याकडून घे. तिचं नाव विचारू नको, मी सांगणार नाही. खरेपणाला दहापैकी दहा. आधीच्या परीक्षकांना कळव, प्रसंग घडला होता. त्याला मी साक्षीदार आहे.'

साक्षीदार ह्या शब्दावर ते थांबले. साक्षीदार लांब उभा राहून बघतो. त्यांनी तो पुसला आणि लिहिलं, 'तो हात माझा होता.' हा निरोप ज्या पोरानं आपल्याकडं बाराखडी गिरवली त्याच्या हातात जाणार, आणि तो उद्या परंड्याला आला तर कोणत्या डोळ्यांनी बघेल, हे सगळं मनात येऊन गेलं. हात थरथरत होता. वयाचाच असेल, असं ह्या वेळी त्यांनी स्वतःला सांगितलं नाही. शेवटचं टिंब दाबून धरलं. काठी निघाली. ती उभी करून त्यांनी निरोप पाठवून दिला.

दहाला काल्याचं कीर्तन. प्रेमाबाई त्यांच्यासाठी न थांबता पुढं निघून गेल्या होत्या. गुरुजी पोचले तेव्हा मंडप भरला होता, हंडी बांधली होती, लाह्यांची टोपली बुवांच्या पायाशी होती. पुरुषांच्या बाजूनं वाट काढत ते आपल्या जागेवर उभे राहिले आणि टाळ गळ्यात घेतला. मग बायकांकडं बघितलं.

प्रेमाबाई धुरपदाबाईच्या शेजारी बसल्या होत्या. तिथं जागा होती म्हणून बसल्या की जागा करून घेतली, सांगता येत नव्हतं. त्या तिच्याकडं झुकून काही तरी बोलत होत्या. धुरपदाबाईची मान खाली होती, अर्धा अंगठा दुसऱ्या मुठीत धरलेला. गुरुजींनी कान दिला. तेवढ्यात बुवांनी चाल उचलली, पखवाजावर थाप पडली, पन्नास टाळ एकदम वाजले, आणि त्यांचाही हात आपोआप त्यात गेला.