तीन सूर, एकदम

"मास्तर, तीन सूर एकदम वाजवायचे तिथं तुम्ही एकेक का सोडताय?" हॉटेलच्या नव्या मॅनेजरनं विचारलं.

"आर्पेजिओ म्हणतात त्याला," कीबोर्डवाला म्हणाला. "कॉर्डचे सूर एकत्र न दाबता एकामागून एक वाजवायचे. मोठमोठे लोक वाजवतात."

"प्रत्येक गाण्यात?"

"प्रकृतीप्रमाणे."

प्रकृती त्याची स्वतःची होती. बावीस वर्षं तो दुपारच्या जेवणाला या हॉलमध्ये वाजवत होता. महिन्यापूर्वी डाव्या हाताची बोटं आखडली. आता त्यातलं एकच खाली जायचं. हे फक्त बायकोला ठाऊक होतं. मॅनेजरला कळलं, तर त्याच्या जागी स्पीकर बसणार होते. त्यांचा खोका येऊन कोपऱ्यात उभाच होता.

पाहुण्यांना मात्र आर्पेजिओ मानवला. माणसं सावकाश जेवू लागली, वर कॉफी मागवू लागली. "अजून थोडं संथ जमेल का?" असं मॅनेजरनंच एकदा सुचवलं.

रविवारी लग्नाला पन्नास वर्षं झालेलं जोडपं आलं. आजोबांना आजींबरोबर नाचायचं होतं. चार पावलांत ते थांबले.

"अहो, हे ठिबक सिंचन बंद करा. सूर एकदम पडू देत. माझा गुडघा मध्येच लटकतोय."

मॅनेजर जवळ आला. "वाजवा मास्तर. एकदम."

कीबोर्डवाल्याची बायको कपडे शिवायची. त्याला घरी न्यायला ती येऊन दाराशी बसली होती. ती उठली, पर्समधून शिवणाचे रंगीत खडू काढले आणि त्याच्या डावीकडे बाकावर टेकली.

"काय करतेस?" तो कुजबुजला.

"माप घेते. कुठल्या दोन पट्ट्या, सांगा."

त्यानं तीन कॉर्ड दाखवल्या. तिनं प्रत्येकीच्या दोन-दोन पट्ट्यांवर एकेका रंगाची खूण केली. तिसरी पट्टी त्याच्या बोटाची.

"निळा," तो पुटपुटला. तीन सूर एकदम पडले. आजोबांचं पाऊलही पडलं.

"लाल."

"लाल पुसला गेला, अहो."

"मग अंदाजानं."

अंदाज चुकला. आजोबा कलंडले, आजींनी सावरलं. "सवय आहे मला," त्या म्हणाल्या.

"मास्तर, हात?" मॅनेजरनं हळूच विचारलं.

"गेला. महिना झाला." उजवा हात चालूच होता.

गाणं शेवटच्या कॉर्डवर आलं. आजी-आजोबा थांबले. बोट उचलेपर्यंत त्या कीबोर्डचा सूर चालू राहायचा. मॅनेजरला काहीतरी सांगायचं होतं. सूर संपायची वाट बघत तो उभा राहिला.

बायको बोटं दाबून बसली होती. उचल, असं त्यानं सांगितलं नव्हतं. त्याचंही बोट खालीच होतं.