ताईंचा हात

"अजून थोडा इकडे घ्या, देवेंद्रभाऊ. ताईंना माझा हात दिसला पाहिजे."

विष्णूजींनी हातोडी खाली ठेवून तबल्यावर थाप दिली आणि हार घातलेल्या फोटोकडे बघितलं. देवेंद्रने आईचा फोटो टेबलासकट सरकवला. शोकसभेला तासभर उरला होता आणि सत्तरीच्या तबलजीशी हुज्जत कोण घालणार! कपाळावरचा घाम पुसत तो पोह्यांचं बघायला बाहेर गेला.

उर्वी सतरंजीची घडी तशीच हातात धरून उभी राहिली. फोटोला हात दिसायला हवा म्हणजे काय? म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय की आपलंच? गेल्या पंधरा दिवसांत तसंही काही धड कळेनासं झालं होतं. हॉस्पिटलमध्ये आजी बाबांना म्हणाली होती, "माझ्या सभेत भाषणं नकोत. पहिलं गाणं उर्वीचं." उर्वीचं? सहा वर्षांत जिने तानपुऱ्याची खोळ काढली नाही, तिचं?

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मंदिराच्या याच हॉलमध्ये आजीची बैठक भरायची. चाळीस वर्षं, एक खाडा नाही. कोणाला गुरू गाठून दे, कोणाच्या मुलीला पेटी मिळवून दे, आणि येईल त्याला पोहे. आजी, म्हणजे सगळ्यांच्या ताई इंदुमतीबाई, पहिल्या रांगेत बसायच्या. गाणारा समेवर नेमका आला की त्यांचा उजवा हात गुडघ्यावरून अलगद उठायचा. तो उठल्याशिवाय वाहवा करायची हॉलमध्ये कोणाची टाप नव्हती. बाहेरगावचे मोठे गवईसुद्धा डोळ्याच्या कोपऱ्यातून त्या हाताकडे बघायचे.

सहा वर्षांपूर्वी उर्वी गायली तेव्हा तो एकदाही उठला नाही. चांगला अर्धा तास गायली होती ती. उठल्यावर आजी एवढंच म्हणाली, "पोहे खाऊन घे, गार होतील." गाणं कच्चं होतं हे घरच्या मुलीला याहून वेगळं कसं सांगणार, असं समजून उर्वीने दुसऱ्याच दिवशी तानपुऱ्याला खोळ घातली आणि विजय नगरातल्या एका कंपनीत नोकरी धरली. आजीने कारण विचारलं नाही. तेच तिला सगळ्यात जास्त लागलं होतं.

"विष्णूजी," ती न राहवून म्हणाली, "हे फोटोचं काय आहे?"

"आदत है बेटा." ते हसले, मग तिच्याकडे नीट बघून थांबले. "म्हणजे? तुला माहीत नाही?"

"काय?"

विष्णूजींनी दाराकडे बघितलं. देवेंद्रचा आवाज लांबून येत होता.

"ताईंना गाणं ऐकू येत नव्हतं. आठ साल हो गए."

"काहीतरीच काय! माझ्याशी फोनवर बोलायची ती."

"बोलणं येत होतं. ते मशीन कानात होतं ना, त्याने बोलणं कळायचं. पण सूर त्यातून फुटून येतो. मला म्हणाल्या होत्या, 'विष्णू, कोणी गायला लागलं की मोरीत स्टीलची ताटं पडल्यासारखं वाटतं रे.' मशीन काढलं तर काहीच नाही. मग त्या माझा हात आणि मान बघायच्या. सम आली की मी मान जराशी खाली करायचो. कोणी सुंदर जागा घेतली तरी करायचो. तिकडे त्यांचा हात उठायचा." त्यांनी डोळे पुसले. "आठ साल आम्ही दोघांनी मिळून ऐकलं."

उर्वी हातातली सतरंजी खाली टाकून तिच्यावरच बसली. तिला आधी हसू आलं, मग राग आला. म्हणजे एवढे लोक, एवढ्या वाहवा, सगळं या माणसाच्या मानेवर?

"मग माझ्या वेळी तुम्ही मान का नाही हलवलीत?" तिचा आवाज चढला. "माझंच गाणं कच्चं होतं का?"

"मी होतोच कुठे त्या दिवशी? महूहून येताना बस बंद पडली. पोचलो तेव्हा लोक पोहे खात होते."

तिला आठवलं. तबला नव्हताच. नुसत्या तानपुऱ्यावर ती आलाप करत राहिली होती, आणि समोर आजी गुडघ्यावर हात ठेवून तिच्याकडे टक लावून बसली होती.

"ताईंनी मला विचारलं, कशी गायली? मी काय सांगणार? दुसऱ्या कोणाला विचारायचं तर बिंग फुटणार. पुढच्या महिन्यात तुला परत बसवू म्हणाल्या. तोवर तू सोडलंस."

"मग तेव्हाच सांगायचं ना मला! सहा वर्षं, विष्णूजी! सहा वर्षं मी..."

"किती वेळा म्हटलं, ताई, पोरीला सांगून टाका. हिंमत नाही झाली त्यांची. बैठक बंद पडेल म्हणायच्या." विष्णूजी तबल्याच्या काठावरून बोट फिरवत राहिले. "हॉस्पिटलमध्ये भेटलो तेव्हा म्हणाल्या, मी समोर बसलेली असेपर्यंत सगळे माझ्याच हाताकडे बघणार. मी नसेन तेव्हा तरी तिचं गाणं कोणी ऐकेल."

उर्वीने फोटोकडे बघितलं. हिच्यावर चिडावं की हिच्यासाठी रडावं? आपण चांगलं गायलो होतो का? एवढं साधं विचारायचं होतं आणि सांगणारं कोणीच नव्हतं. आजी ऐकू शकत नव्हती, विष्णूजी पोचले नव्हते, आणि बाकीचा अख्खा हॉल आजीचा हात बघत बसला होता.

लोक यायला लागले. देवेंद्र लगबगीने आत आला.

"उर्वी, काय करतेस? जमणार नसेल तर राहू दे. मी सांभाळून घेतो."

"गाते बाबा."

तिने घरून आणलेल्या तानपुऱ्याची खोळ काढली आणि तारा जुळवल्या. जुळायला वेळ लागला, पण जुळल्या. विष्णूजी तबला पुढ्यात ओढून सरसावून बसले.

"तुम्ही इथे नका बसू," ती म्हणाली. "पहिल्या रांगेत जा. त्या दिवशी गायले होते तेच गाते."

ते उठेनात. "बेटा, मी घरचा माणूस. मला काय विचारतेस?"

"मान हलवू नका. झाल्यावर सांगा फक्त."

"आणि कच्चं निघालं तर?"

"तर तसं सांगा," उर्वी म्हणाली आणि ते समोर जाऊन बसेपर्यंत थांबली.