यादीतला सातवा सन्मान

“याचा पुरावा कुठे आहे?” केंद्रप्रमुख राजनंदिनी मॅडमनी यादीवरची नजर न उचलता विचारलं.

विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात एकतीस वर्षं लिपिक म्हणून काढल्यावर कुठल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, हे नाजिमाताई अत्तारांना कळत होतं. पण हा प्रश्न रास्त होता.

दर मार्चमध्ये त्या ‘प्राध्यापकांचे यश व सन्मान’ अशी यादी टाइप करत आणि ती वार्षिक अहवालात जाई. यंदाचं पीक चांगलं होतं. एका मॅडमना भारतीय स्वयंपाकघराचा अभ्यास करायला तीन महिने जर्मनीत बोलावलं होतं. दुसऱ्या मॅडम एका समितीवर गेल्या होत्या. त्या समितीचं काम काय, हे ठरवायला वेगळी समिती बसली होती. राजनंदिनी मॅडमच्या घरकामगार बायकांवरच्या पुस्तकाला तर चौथा पुरस्कार मिळाला होता. केंद्राच्या कपाटात शाली इतक्या साठल्या होत्या, की पाहुण्यांना त्यातल्याच देत. एकदा एक शाल वारज्याच्या कार्यक्रमातून फिरून परत आली, ती नाजिमाताईंनीच ओळखली.

सहा सन्मानांना सहा प्रमाणपत्रं होती. सातवं नाव शेफाली डोंगरेचं: ‘धायरी येथील घरकामगार महिलांकडून सत्कार.’ पुराव्याचा रकाना कोरा.

शेफाली नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होती. म्हणजे वर्षाअखेर तिला निरोप द्यायचा आणि जूनमध्ये पुन्हा नवी म्हणून घ्यायची. एप्रिलमध्ये कायम जागेची मुलाखत होती. निवड समितीपुढे हा अहवाल असणार होता. तिच्या नावावर पुस्तक नव्हतं, जर्मनी तर नव्हतीच. नाजिमाताई महिनाअखेर निवृत्त होणार होत्या. आपल्या शेवटच्या यादीत ही सातवी ओळ राहिलीच पाहिजे, एवढं त्यांनी मनाशी धरलं होतं.

“सोमवारपर्यंत आणा,” मॅडम म्हणाल्या. “नाहीतर ओळ काढा.”

रविवारी नाजिमाताई बसने धायरीला गेल्या. सत्कार भरवणाऱ्या सरुबाईंच्या खोलीत कामांवरून आलेल्या बायका जमल्या होत्या. सत्काराचं प्रमाणपत्र हवंय म्हटल्यावर सरुबाईंनी कपाळाला हात लावला.

“सत्कार आमी केला, नारळ आमी आनला, आन् आता दाखलाबी आमीच द्यायचा? तुमचं हापिस लई संशयी हाय, बाई.”

सगळ्या हसल्या. पण सत्कार कशाबद्दल, तेही लिहावं लागेल असं कळल्यावर हसणं थांबलं. मग भिंतीशी बसलेल्या मुक्ताईने हळूहळू सांगितलं. शेफाली त्यांच्या मुलाखती घ्यायची, घरी जाऊन लिहून काढायची आणि पुन्हा येऊन प्रत्येकीला तिचं तिचं वाचून दाखवायची. जे नको असेल ते तिच्यासमोरच खोडायची. असं खोडता खोडता पुस्तक होण्याइतकं काही उरलंच नाही.

“माजं एक व्हतं,” मुक्ताई म्हणाली. “बोलून गेले आन् मग जीव थाऱ्यावर न्हाई. तिनं तो कागदच माज्या हातात दिला. म्हनली, हे तुमचं हाय, तुमीच ठिवा. आता ते काय व्हतं, ते ह्यात लिवू नगा म्हंजे झालं.”

ते काय होतं, हे नाजिमाताईंनी विचारलं नाही. बायकांनी सांगितलं तसं त्यांनी लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. एक वाक्य फार गोड झालंय म्हणून सरुबाईंनी काढायला लावलं.

सोमवारी मॅडमच्या टेबलावर वहीचं एक पान होतं. ‘आम्ही जे लिहू नका म्हणालो, ते शेफालीबाईंनी लिहिलं नाही. म्हणून त्यांचा सत्कार केला.’ खाली अकरा सह्या आणि दोन अंगठे.

मॅडमनी ते दोनदा वाचलं. मग त्यांनी मागच्या फळीवरून आपलं पुस्तक काढलं, मधलं एक पान उघडलं आणि त्यावर बोट ठेवलं.

“नाजिमाताई, या पानावर आपण नाव बदललं होतं. त्या सुशीलाबाई ना, वारज्याच्या? त्यांचा नंबर असेल आपल्याकडे?”

“आहे, मॅडम. पण त्या गेल्या. तीन वर्षं झाली.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली की त्यांचा फोन यायचा. तेवढं पान काढता येईल का, म्हणून. नाव बदलूनही लेकीच्या सासरी ओळखलं होतं ना. शेवटचा फोन लेकीचाच आला.”

मॅडमनी पुस्तक मिटलं. “मला सांगायचंत तरी.”

“सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, मीटिंगमध्ये आहे म्हणून सांगा.” नाजिमाताई जरा थांबल्या. “आणि मी त्यांना तेच सांगत राहिले. चार वेळा.”

बाहेर शेफालीचा तास चालू होता. मुली कशावर तरी वाद घालत होत्या आणि ती त्यांना घालू देत होती.

मॅडमनी सातव्या ओळीसमोर बरोबरची खूण केली आणि पेन सहीच्या जागी नेलं. एरवी पदव्या आणि पदं धरून त्यांची सही दीड ओळ घ्यायची. आज त्यांनी नुसतं ‘राजनंदिनी’ लिहिलं आणि कागद पुढे सरकवला.

नाजिमाताईंनी सहीखाली शिक्का मारला. शिक्क्याशिवाय यादी कुणी घेत नाही. मग शाई वाळेपर्यंत दोघी तशाच बसून राहिल्या.