मालीचा पिंतो, मालतीचा डबा

मित्रांनो, अगदी परवापर्यंत रेडमंडमधल्या एका गॅरेजात खिळे आणि स्क्रू सांभाळत बसलेला मी एक जुना डबा आहे. साधासुधा नव्हे हं, चांगला चार पुडांचा, स्टीलचा, वर कडी असलेला. थायलंडमध्ये, माझ्या जन्मगावी चंथाबुरीत, मला 'पिंतो' म्हणतात. इथे अमेरिकेत मी मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही, म्हणून माझी रवानगी गॅरेजात झाली.

माझं बालपण फळबागेत गेलं. बागेची मालकीण मोठी करारी बाई. सकाळी ती माझ्यातून बौद्ध भिक्खूंना भात वाढायची आणि दुपारी मला झाडाखाली ठेवून जेवायची. मंदिरात डब्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून तिनं माझ्या तळाला थाई अक्षरांत घराण्याचं आडनाव कोरून घेतलं. पुढे तिची मुलगी माली शिकायला अमेरिकेला निघाली, तेव्हा मी तिच्या बॅगेतून आलो.

मालीनं लग्न केलं ते पुण्याच्या हेमचंद्र वैशंपायन नावाच्या इंजिनिअरशी. लग्नात तांदळावर अंगठीनं नाव लिहिलं आणि मालीची मालती झाली. सासूबाईंनी मला पाहिलं नि म्हणाल्या, "एवढा चांगला डबा आणि बिननावाचा? पंगतीत हरवेल हो!" त्यांना थाई अक्षरं म्हणजे नक्षी वाटली असणार. माझ्या झाकणावर 'सौ. मालती हेमचंद्र वैशंपायन' असं कोरलं गेलं. मला गुदगुल्या झाल्या आणि खरं सांगतो, अभिमानही वाटला.

मग माझे ऐन उमेदीचे दिवस आले. एका पुडात आमटी, एकात भात, एकात नारळाच्या दुधातली हिरवी कढी, एकात कोशिंबीर. हेमचंद्रांच्या ऑफिसात मी उघडलो की शेजारच्या टेबलांवरची माणसं गोळा व्हायची. मी अगदी फुशारून जायचो.

त्या दोघांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं तो दिवस मला आठवतो. हेमचंद्रांचा भारतीय पासपोर्ट रद्द होऊन आला. शेजारच्या सुनेत्राकाकू मालीला म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नकोस गं. एक घेतलं की दुसरं जातंच." हेमचंद्रही म्हणाले, "हो, तुझंही कॅन्सल झालं असणार." भारताचा जो नियम तोच थायलंडचा, असं सगळ्यांनी धरून टाकलं. मालीनं आपलं थाई ओळखपत्र कपाटात ठेवलं आणि भांडी घासता घासता रडली. मी तिच्या हातातच होतो. ओरडून सांगावंसं वाटलं, 'अगं, मला उलटा करून बघ! झाकणावर नवं नाव आलं म्हणून तळाचं कुणी खरवडून काढलं का?' पण डब्याचं ऐकतो कोण! थोड्याच दिवसांत मायक्रोवेव्हचे डबे आले आणि माझ्यात स्क्रू पडले.

यंदा चंथाबुरीची ती करारी मालकीण, मालीची आई, वारली. अर्धी बाग तिनं मालीला ठेवली होती. मालीच्या भावाचा फोन आला. परदेशी माणसाच्या नावावर तिथे जमीन राहू शकत नाही, गिऱ्हाईक तयार आहे, तेव्हा तू सही पाठव, असं तो म्हणाला.

"प्रॅक्टिकल विचार कर, मालती," हेमचंद्र म्हणाले. "आपल्याला ठेवताच येणार नाही तर काय करणार?"

माली "बरं" म्हणाली. त्या 'बरं'मध्ये जीव नव्हता.

तिची कॉलेजात जाणारी मुलगी इला मात्र उठली. "ममा, सही करण्याआधी आजीच्या नावानं टेंपलमध्ये जेवण तरी देऊ या." तिनं गॅरेजात येऊन माझ्यातले स्क्रू ओतले आणि मला लख्ख घासलं. मालीनं माझ्या वरच्या पुडात साबुदाण्याची खीर भरली. किती दिवसांनी माझ्या अंगाला ऊन ऊन अन्न लागलं! मला भरून आलं.

त्या दिवशी थाई मंदिरात वकिलातीचे लोक पासपोर्टच्या कामाला बसले होते. इला मला हातात घेऊन सरळ टेबलाशी गेली. मागून आईवडील.

"माझी आई थाई होती," ती म्हणाली. "आता अमेरिकन आहे. तिला तिथली जमीन ठेवता येईल, असं काही करता येतं का?"

टेबलामागच्या बाई मालीकडे वळल्या. "तुम्ही थाई नागरिकत्व सोडत असल्याचं कधी लिहून दिलंत?"

"नाही."

"मग कुठे गेलं ते? ओळखपत्राची मुदत संपली असेल, ते नवं करून घ्या. बाग तुमच्या नावावर होऊ शकते. ही तुमची मुलगी ना? हिचीही नोंद करा."

"पण माझं सरनेम वैशंपायन आहे," इला म्हणाली.

बाई हसल्या. "आडनाव कुठलंही चालतं. आई थाई आहे ना, झालं तर!"

माली खाली बसली. ती रडत होती की हसत होती, मला कळेना.

"लग्नाआधीचं आडनाव?" बाईंनी विचारलं. नेहमीप्रमाणे हेमचंद्रच उत्तर द्यायला पुढे सरसावले खरे. पण त्यांना ते म्हणताच येईना! ऑफिसात कुणी 'वैशंपायन' चुकीचं म्हटलं की दिवसभर धुसफुसणारा हा माणूस, बायकोच्या आडनावाशी अडला.

"सुवन्नफ्रुक्सा," माली सावकाश म्हणाली.

"सुवन्न... फ्रुक्सा..." हेमचंद्र पुटपुटले. मग एकदम थबकले. "सुवर्ण... वृक्ष? अगं, तुझं आडनाव सुवर्णवृक्ष आहे?"

"केव्हापासूनच आहे," माली म्हणाली. "तू कधी विचारलंच नाहीस."

हेमचंद्रांचा चेहरा पडला. "चुकलं माझं," ते म्हणाले आणि ते नाव त्यांनी पुन्हा म्हणून पाहिलं. या वेळी बरं जमलं.

मित्रांनो, डब्याला नीट घासा, कोरडा ठेवा, हे तर मी सांगेनच. पण त्याहून मोठं मागणं आहे. घरात नवं नाव घेऊन आलेल्या माणसाला त्याचं पहिलं नाव विचारा आणि ते नीट म्हणायला शिका. नवं नाव आलं की जुनं संपलं, असं आमच्या घरानं न विचारताच धरून टाकलं, म्हणून एक बाग हातची जाणार होती.

मंदिराच्या अंगणातूनच मालीनं भावाला फोन लावला. "दादा, मी माली सुवन्नफ्रुक्सा वैशंपायन बोलतेय," ती म्हणाली. "बाग विकायची नाही."