दुसरं ‘उठा’

गुरुवारी सकाळी सात वाजून बावन्न मिनिटांनी बाईंनी ‘उठा’ म्हटलं आणि सतरापैकी सोळा माणसं उठली.

उठला नाही तो सुतार. तो पाठीवर पडून होता, तळवे वर, पाय सैल. बोटाला अडकवलेलं ऑक्सिजन मोजायचं यंत्र चौऱ्याण्णव दाखवत होतं. छाती वरखाली होत होती. चार मोजून श्वास आत, सहा मोजून बाहेर, बाईंनी शिकवला होता तसाच. शेजारचे मास्तर चटई गुंडाळता गुंडाळता म्हणाले, “डुलकी लागली वाटतं. लागू द्या, इथं तेवढंच फुकट आहे.” दोघंतिघं हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांच्या ओठांवर एक शब्द येऊन थांबला होता. सोमवारपासून तो त्या रोज गिळत होत्या.

योगाचा हा वर्ग सार्वजनिक रुग्णालयाच्या तळमजल्यावर, रस्त्याहून सहा पायऱ्या खाली, जुन्या एक्स-रेच्या खोलीत भरायचा. यंत्रं केव्हाच वर गेली होती. जाड, जड दार आणि दारावरचा न पेटणारा लाल दिवा तेवढा मागे राहिला होता. छातीच्या विकाराचे रुग्ण डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन येत. जिना चढताना दोन पायऱ्यांवर बसणारी माणसं चार-सहा महिन्यांत पहिल्या मजल्यापर्यंत जात, आणि मग डॉक्टर आणखी चिठ्ठ्या लिहीत. सहा वर्षं असं चाललं होतं.

बाईंना हे सगळं आत्याने शिकवलं होतं. आई गेल्यावर आत्यानेच त्यांना वाढवलं आणि एकोणिसाव्या वर्षी स्वतःच्या वर्गात उभं केलं. आत्याकडून बाईंनी चार-सहाचा श्वास उचलला आणि चटयांच्या मधून अनवाणी फिरायची चाल उचलली. शिवाय दोन सवयी उचलल्या, ज्यांचा अर्थ त्यांनी कधी विचारला नाही. एक म्हणजे वर्गापुढे, सगळ्यांकडे तोंड येईल अशी, एक रिकामी चटई अंथरायची. दुसरी अशी की शेवटी सगळे पाठीवर पडले असताना ‘उठा’ दोनदा म्हणायचं. पहिल्यांदा मोठ्याने, वर्गाला. मग थोडं थांबून, हळू, त्या चटईकडे बघून. दुसरं ‘उठा’ झोपाळूंसाठी असेल, असं बाई धरून चालल्या होत्या.

देवाधर्माशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. त्यामुळे सार्वजनिक सेवेतून धार्मिक खुणा काढा, असं परिपत्रक आलं तेव्हा त्यांनी कुरकुर केली नाही. ओंकार गेला. जोडलेले हात गेले, ते मांडीवर आले. ताडासनाचं ‘उभी स्थिती एक’ झालं. शवासन तर प्रशासन अधिकाऱ्यांना आधीपासूनच खुपत होतं. रुग्णालयात शव कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी स्वतः ‘अंतिम विश्रांती’ सुचवलं. मास्तर, जे जन्मभर भूमिती शिकवून निवृत्त झाले होते, म्हणाले, “साहेब, त्यापेक्षा शवच बरं होतं.” शेवटी ‘पाठीवरची विश्रांती’ ठरलं. वर्ग पूर्वीसारखाच चालला, कुणाचा श्वास त्यावाचून अडला नाही.

चटई मात्र राहिली. तिला नाव नव्हतं, म्हणून ती यादीत आली नाही.

तिच्यावर बोट ठेवलं ते सुताराने. तीस वर्षं रंधा मारून त्याची छाती भुशाने भरली होती. आला तेव्हा वाक्य पुरं करायला त्याला तीनदा थांबावं लागे. चार महिन्यांनी तो तिसऱ्या मजल्यावर चालत जाऊन आला आणि खाली येऊन बाईंना म्हणाला, “वर काही नाही. नुसतं जाऊन आलो.” त्याच आठवड्यात वर्ग संपल्यावर तो मागे थांबला.

“बाई, एक विचारू? रागावू नका.”

“विचारा की.”

“ही पुढची चटई कुणाची?”

“कुणाची म्हणजे? आमच्या आत्याची पद्धत आहे.”

“पद्धत कळली. कुणाची ते विचारतोय.” तो श्वासासाठी थांबला. “आमच्यात वरच्या एकाशिवाय दुसऱ्यापुढे डोकं वाकवत नाहीत. पुढे वाकायला सांगता तेव्हा माझं डोकं तिच्याकडे जातं. रोज अकरा वेळा. कुणाचीच नसेल तर माझं काही म्हणणं नाही. कुणाची असेल तर मला घरी बसावं लागेल.”

“तुमची छाती आत्ता कुठे सुधारतेय.”

“म्हणून तर विचारतोय. नाहीतर गुपचूप घरी बसलो असतो.”

बाई म्हणाल्या, “मला माहीत नाही.” हे खरं होतं. सुताराने मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही.

त्याने तक्रार केली नव्हती, पण गोष्ट वरपर्यंत गेलीच. अधिकाऱ्यांनी एक छापील कागद पाठवला: वर्गात मांडली जाणारी कोणतीही वस्तू कोणत्याही देवतेचं, गुरूचं वा मृत व्यक्तीचं प्रतीक नाही, असं मी लिहून देते. खाली सहीची जागा. सोबत तोंडी निरोप, की चटईही उचला, म्हणजे प्रश्नच मिटला.

चटई उचलायला दोन मिनिटं लागली असती. बाईंनी तीन आठवडे लावले. त्या काळात त्यांना स्वतःचाच राग येत होता. ज्या वस्तूला अर्थ नाही ती उचलताना हात का अडतो, हे त्यांना सांगता येईना. सफाईच्या मावशींनी त्यात भर घातली. मावशी वर्गानंतर ओल्या फडक्याने चटया पुसायच्या. एकदा त्या म्हणाल्या, “बाई, नवीन फडकी मागवाल तेव्हा जरा जास्त मागवा. सतरा चटया म्हणजे दोन फडकी जातात.”

“सोळा म्हणा. पुढची कशाला पुसता? तिच्यावर कुणी नसतं.”

“ती पण घामेजलेली असते हो. पाठीएवढी.”

जमिनीची ओल असेल, असं बाई म्हणाल्या. मावशींनी फडकं पिळलं.

चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीला, रविवारी संध्याकाळी, बाईंनी आत्याच्या मुलाला फोन केला. तो त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठा, दूर राहणारा. आधी त्याने थट्टा केली. “एवढी वर्षं तू आईची गादी चालवतेस आणि गादी कुणाची ते मला विचारतेस?”

“दादा, नीट सांग. गुरूची का?”

“छे. आईला गुरूबिरू कुणी नव्हतं. पुस्तकातून शिकली ती, आणि नंतर एका निवृत्त परिचारिकेकडून.” मग त्याने पलीकडचा टीव्ही बंद केला. “तुला खरंच माहीत नाही? तू तेव्हा पाच-सहा वर्षांची असशील. एक बाई यायची वर्गाला, शिवणकाम करणारी. पुढच्या रांगेत पडायची. एक दिवस आई ‘उठा’ म्हणाली, सगळ्या उठल्या, ती नाही उठली. आईला वाटलं झोपलीय. बाकीच्यांना निरोप दिला, दारं खिडक्या लावल्या, मग तिला हाक मारली. ती केव्हाच गेली होती. आई म्हणायची, मी तिला वेगळं म्हटलं असतं तर उठली असती.”

“असं कधी होतं का दादा?”

“मी पण तेच म्हणालो. पण दुसऱ्या दिवसापासून चटई आली, आणि दोनदा म्हणणं आलं. आम्ही कधी त्यावर बोललो नाही. तू बंद कर आता. आई पण नाही नि ती पण नाही.”

सोमवारी सकाळी बाईंनी कागदावर सही केली. देवता नाही, गुरू नाही. तिसऱ्या शब्दावरून त्यांनी नजर पुढे नेली. चटई गुंडाळून पोलादी कपाटात ठेवली आणि किल्ली अधिकाऱ्यांकडे दिली. त्या दिवशी ‘उठा’ त्यांनी एकदाच म्हटलं. दुसरं म्हणायचं तर आता ते कुणाला म्हणतोय हे त्यांना ठाऊक होतं.

दुपारी त्या सुताराकडे गेल्या. त्याचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला पटाशा उतरत्या आकाराने टांगलेल्या, कोपऱ्यात सरसाचा डबा, सगळ्यावर पिवळट भुशाचा थर. सुतार बाकावर बसला होता. हातात पॉलिशपेपर होता, पुढ्यात अर्धवट घासलेलं लाकडी कपाट, पण हात चालत नव्हता. तीन आठवड्यांत तो पुन्हा तुटक बोलायला लागला होता.

“चटई काढली,” बाई म्हणाल्या.

“काढली. बरं.” तो थांबला. “पण होती कुणाची? कळलं?”

ती बाई शिवणकाम करायची, हे सांगावं असं त्यांना वाटलं. मग त्यांनी त्याच्या गळ्याच्या शिरांकडे पाहिलं. प्रत्येक श्वासाला त्या ताणल्या जात होत्या.

“कुणाचीच नाही,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही म्हणता म्हणजे झालं. गुरुवारी येतो. तोवर हे कपाट देऊन टाकतो.”

मंगळवारी मास्तर म्हणाले, “आज अंग जड वाटतंय. हवा बदलली बहुतेक.” बुधवारी आणखी तिघं तसंच म्हणाले. पुढची जागा मोकळी झाली तरी कुणी तिथे चटई टाकली नाही; मागच्या रांगेतले दाटीवाटीने पडले. बाईंनी सांगून पाहिलं. सगळे हो म्हणाले आणि आपापल्या जागी राहिले. मावशींनी मात्र बादली घेऊन पुढे जाऊन फरशी पुसली.

गुरुवारी सुतार आला. मागच्या रांगांत जागा नव्हती. तो सरळ पुढे गेला आणि जिथे कुणी बसत नव्हतं तिथे त्याने आपली चटई टाकली. बाईंनी पाहिलं. त्याला तिथून उठवायचं तर कारण द्यावं लागलं असतं.

आणि सात बावन्नला तो उठला नाही.

बाईंनी त्याच्या खांद्याला हात लावला. खांदा उबदार होता. हलवला, तो हलला आणि पुन्हा होता तिथे आला. मास्तरांनी हाक मारली, आधी हळू, मग वर्गात मारायचे तशी. सात छपन्नला वरून परिचारिका आली. तिने पापण्या उघडून उजेड टाकला, रक्तदाब घेतला. “सगळं ठीक आहे. झोपलेत.” मग तिने त्याच्या छातीवर जोरात चिमटा काढला आणि कपाळाला आठ्या घातल्या. “पण मग उठत का नाहीत?” ती डॉक्टरांना फोन करायला बाहेर गेली. नव्या पद्धतीचा वर्ग बघायला आलेले अधिकारी दाराशी हातात कागद धरून उभे होते.

यंत्रावरचा आकडा चौऱ्याण्णवचा ब्याण्णव झाला. मग नव्वद.

बाई उठल्या. आत्या उभी राहायची तशा, पाय जुळवून उभ्या राहिल्या. सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी थोडा वेळ जाऊ दिला आणि हळू आवाजात दुसऱ्यांदा म्हणाल्या, “उठा.”

आठ वाजून एक मिनिटाने सुताराने डोळे उघडले. कुशीवर वळला, हाताचा आधार घेतला, शिकवलं होतं तसा उठून बसला.

“बाई,” तो म्हणाला, “आधीचं मला नव्हतं ना?”

दाराशी उभे अधिकारी म्हणाले, “दोनदा म्हणायचं परिपत्रकात नाही,” आणि हातातला कागद घडी करून त्यांनी खिशात घातला.

दारापाशी सुतार बूट घालायला बसला तेव्हा बाई त्याच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी त्याला सगळं सांगितलं: शिवणारी बाई, आत्या, दादाचा फोन, दुकानात बोललेलं खोटं. त्याने एका बुटाचे बंद बांधले, दुसऱ्याचे तसेच ठेवले.

“म्हणजे देव नाही.”

“नाही.”

“मेलेलं माणूस.”

“हो.”

“आणि तुम्ही तिला सहा वर्षं रोज उठवत होता.”

“नकळत.”

“उठली का कधी?”

सुताराने दुसरे बंद बांधले. “दुकानात विचारलं तेव्हा सांगायला हवं होतं. मला घरच्यांशी बोलावं लागेल. आमच्या मोठ्यांशी पण.” जिन्याच्या सहा पायऱ्या तो न थांबता चढला. वर गेल्यावर थांबला. बाईंना तो तिथे बराच वेळ उभा दिसत होता.

शुक्रवारी सात वाजता सोळा माणसं आली. कपाटाची किल्ली अजून अधिकाऱ्यांकडेच होती. मास्तरांनी स्वतःची चटई टाकल्यावर आणखी एक उचलली आणि पुढे नेऊन अंथरली. “सुताराची जागा धरून ठेवतो,” ते म्हणाले. “उशीर झाला असेल.” चटई वर्गाकडे तोंड करून पडली होती. कुणी हरकत घेतली नाही. बाईंनीही नाही.

शेवटी त्यांनी दोनदा ‘उठा’ म्हटलं. सोळाही जण पहिल्याला उठले.

सव्वाआठला मावशींनी पुढच्या चटईसकट सगळ्या चटया पुसल्या आणि दोन फडकी पिळून वाळत घातली. दुपारी बाईंनी दुकानात फोन लावला, तो वाजत राहिला. संध्याकाळपर्यंत सुताराकडून निरोप आलेला नव्हता.