पाठमोरा बाक

मित्रांनो, आधी बसा पाहू. ही उभ्या उभ्या ऐकायची गोष्ट नाही. शिवाय सकाळपासून माझ्यावर कुणी टेकलेलंसुद्धा नाही.

मी या गल्लीतला जुना बाक. माझे पाय ओतीव लोखंडाचे आणि फळ्या सागवानी. ज्या सुताराने मला जोडलं, तो काम झाल्यावर स्वतःच माझ्यावर बसला आणि म्हणाला, "वा! बसल्यावर उठावंसं वाटत नाही." त्या एका कौतुकावर मी कितीतरी वर्षं काढली.

तेव्हा गल्ली गजबजलेली होती. माझ्यावर जागा मिळवायला लोक ताटकळत, एकमेकांना "सरका हो जरा" म्हणत. मग शहराच्या पलीकडच्या अंगाला नवी घरं झाली आणि तरुण मंडळी तिकडे गेली. दुकानांची दारं बंद झाली, दिवे गेले, फरशा उखडल्या. माझी एक फळी मोडली, तरी कुणी हूं की चूं केलं नाही. मला फार एकटं वाटू लागलं.

रोज यायचे ते एकटे चष्मेवाले आजोबा. समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ते आणि आजी राहायचे. इमारत पालिकेची आणि जिना अगदी मोडकळीला आलेला. कठडा तर कधीच निखळून पडला होता. त्या जिन्यावरून आजी एकदा घसरल्या. हाड जुळलं, पण भीती काही गेली नाही. तेव्हापासून त्या खाली उतरल्याच नाहीत.

मी त्यांच्या खिडकीकडे तोंड करून होतो. आजोबा माझ्यावर बसून मान वर करत आणि गल्लीची खबरबात ओरडून सांगत.

"अगं, न्हाव्याने दाढी ठेवलीय!"

"त्याला म्हणावं, आता गिऱ्हाईक कसं फिरकेल?" खिडकीतून उत्तर येई.

आजींची सगळी गल्ली ती एवढीच होती. आजोबांच्या तोंडून वर पोहोचेल तेवढी.

मग पालिकेने गल्ली सुधारायला घेतली. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. मला उचलून गोदामात नेलं. तिथे मोडक्या पाट्या आणि फुटक्या कुंड्यांमध्ये मी अंधारात पडून होतो. कुणी बोलायला नाही, कुणी टेकायला नाही. आजोबा आता कुठे बसत असतील, या काळजीने माझा जीव खाली-वर होई.

परत आणलं तेव्हा मला नवी फळी होती, हिरवा रंग होता. गल्लीत नवे दिवे, सपाट फरशी, फुलांचे वाफे. पण मला बसवलं वाफ्याकडे तोंड करून, इमारतीकडे पाठ करून! लोक येत, फोटो काढत, "काय सुंदर झालंय!" म्हणत आणि निघून जात.

आजोबा माझ्यावर बसले, मान मागे वळवली आणि "आई गं!" म्हणून उठले. पुढे ते माझ्या पाठीला धरून उभेच राहत. पाय लटपटू लागले की बोलणं अर्धंच टाकून वर जात. हळूहळू खबरा आटल्या. आजी खिडकीत बसून राहत आणि मला, मेल्याला, त्या दिसतही नसत.

शेवटी आजोबांनी पालिकेत जाऊन गल्लीचं काम पाहणाऱ्या इंजिनिअर बाईंना गाठलं. बाई भल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी दोन कामगार घेऊन आल्या. माझ्या पायांचे बोल्ट सैल होऊ लागले, तोच वरून आवाज आला.

"अहो बाई! बाक कसला फिरवताय? जिना नीट करा की! मला काय जन्मभर ह्यांचं टक्कलच बघायचंय का?"

कामगार फिस्सकन हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. "जिना आमच्या कामात नव्हता," त्या पुटपुटल्या आणि इमारतीत शिरल्या. खाली आल्या तेव्हा त्यांचे दोन्ही हात भिंतीच्या चुन्याने माखलेले होते.

"काका, तुम्ही रोज इथून उतरता?"

"मी उतरतो हो. ती नाही उतरत."

बाईंनी बोल्ट पुन्हा आवळायला लावले. "आधी जिना," त्या म्हणाल्या.

जिन्याला वेळ लागला. मला वाटलं, विसरले सगळे. पण एका दुपारी पाठीमागे सावकाश पावलं वाजली. एक पायरी, मग थांबणं, मग दुसरी. आजोबा सारखे म्हणत होते, "कठडा धर, घाई नको."

"घाई कसली? इतकी वर्षं वर बसून होते ना!" आजी म्हणाल्या. आणि आल्या, मित्रांनो! माझ्यावर बसल्या. आजोबा शेजारी टेकले. माझी जुनी फळी करकरली, ती भरून आल्यामुळे, वजनामुळे नव्हे.

इंजिनिअर बाई बघायला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "आजी, आता फिरवू का बाक?"

"कशाला? वर बघायला आता आहे कोण!"

तेव्हापासून ती दोघं संध्याकाळी येतात. उरलेला दिवस मी एकटाच. लोक अजूनही माझे फोटोच काढतात. म्हणून सांगतो, जुनी गल्ली सजवा, रंगवा, जरूर करा. पण त्याआधी एकदा वरच्या खिडक्यांकडे बघून विचारा, खाली येऊ न शकणारं कुणी आहे का. आणि आमच्यासारख्यांचे फोटो काढता, तसे घटकाभर बसतही जा.

आता जरा सरकून बसा बरं. जिन्यावर पावलं वाजतायत.